पुसलेल्या जागी आलेलं नाव

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. ज्यांना मला अंगारे-धुपारे सुचवायचे असतील त्यांनी पुढे वाचूच नये.

साल ९७. पुणतांब्याजवळच्या आमच्या गावात गोदावरीचं पाणी उपसून शेतांना देणारी सोसायटी होती. नगरहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेली गावात मी एकटीच, म्हणून पाणीपाळीची यादी छापायचं काम माझ्याकडे. यादीत नाव नसलं की पाटकरी पाणी सोडायचा नाही. प्रोग्राम ‘बेसिक’ या कॉम्प्युटरच्या भाषेतला. त्यात मेमरी भाषाच सांभाळते, आपण हात घालायचा नसतो. पण ‘पोक’ नावाची एक कमांड असते... मेमरीतल्या हव्या त्या जागी थेट हवं ते लिहा! ती येते याचा मला भारी माज होता.

एका सकाळी चेअरमन — म्हणजे माझे सख्खे चुलते, अण्णा — म्हणाले, "सतरा नंबरचा रखमाजी मेला. त्याची पाळी काढ. पन फायलीला हात लावू नको, ऑडिटवाले बघत्यात."

रखमाजीची बायको दारातच उभी होती. "पोरी, गहू पोटरीत हाय, ओंब्या भायेर पडायच्यात. ही पाळी गेली तर हाताला काय बी न्हाई लागायचं." अण्णा तिच्याकडे बघेनात.

आणि मी... लाज वाटते सांगायला, पण मी अण्णांचं ऐकलं. फाइल तशीच ठेवून मेमरीतलं रखमाजीचं नाव पोकने पुसलं. ती जागा वाचून पाहिली — रिकामी. मग यादी छापायला दिली.

सतराव्या ओळीवर इंग्रजी अक्षरांत स्वच्छ आलं — गयाबाई.

"ही गयाबाई कोण?" मी विचारलं.

दारातून आवाज आला, "मीच की."

मला तिचं नाव माहीतच नव्हतं हो! सगळं गाव तिला ‘रखमाजीची बायको’ म्हणायचं. फायलीत, सभासदांच्या वहीत, कुठेच ती नव्हती.

"फाड ते! परत काढ!" अण्णा ओरडले.

"न्हाई फाडनार," मी म्हणाले. "तुमीच बसा मशीनवर अन् पुसा."

चुलत्याला उलटून बोलायची ती माझी पहिलीच वेळ. यादी मी स्वतः फळ्यावर डकवली. सतरा नंबरला पाणी गेलं.

‘बेसिक मेमरीतला मजकूर आपणहून हलवतं, तू चुकीच्या जागी पुसलंस,’ असं सांगणारे हुशार लोक मला भेटलेत. मान्य! पण मग रखमाजीचं नाव छापून यायला हवं होतं ना? जे कुणी कधी टाइपच केलं नाही, ते नाव कुठून आलं?

मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र मी फाइल उघडली आणि सतरा नंबरला ते नाव माझ्या हाताने टाइप केलं. कुणाला न विचारता.