यादीत नसलेला धोंडा

छापील कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस साऱ्या सुरतेत एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, एसटीच्या तिकिटामागचा मजकूर, सगळं ते बोट फिरवत वाचत आणि मग शंका काढत. आमच्या लग्नाचा मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा होता. ‘दिवसाचे की रात्रीचे?’ असं विचारणारं पोस्टकार्ड त्यांनी माझ्या वडिलांना धाडलं होतं. वडिलांनी ते बरेच दिवस मनाला लावून घेतलं.

मामा मूळचे धुळ्याकडचे. पांडेसऱ्यात कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात ते बॉयलरवर होते. डिंडोलीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, वर सिमेंटचे पत्रे. उन्हाळ्यात मामी शिडी लावून वर चढत, खराट्याने पत्रे खसाखसा झाडत आणि जुनं लुगडं पसरून ज्वारीचे बिबडे वाळत घालत. नव्वदीनंतरच्या अशाच एका उन्हाळ्यात पत्र्याचा एक कोपरा तुटून खाली पडला. दुसरा कोणी असता तर त्याने तो लाथेने बाजूला सारला असता. मामांनी भिंग आणलं. तुकड्यात पांढरे तंतू दिसले. बॉयलरच्या नळ्यांना गुंडाळायच्या अ‍ॅसबेस्टॉसच्या दोरीत हेच तंतू ते वीस वर्षं पाहत आले होते. त्या दोरीच्या वेष्टनावर बारीक अक्षरात एक सूचना असे, आणि ती वाचणारे कारखान्यात अर्थात ते एकटेच: धूळ श्वासावाटे आत जाऊ देऊ नये. मामींना त्या वर्षी खोकल्याने धरलं होतं. खरं म्हणजे घरात दोघंही खोकत, पण मामांना मामींचाच खोकला ऐकू येई.

पत्रे काढायलाच हवे होते. घराच्या कर्जासोबत विमा उतरवलेला होता, तेव्हा तो या कामी येतो का, हा प्रश्न मामांना पडला आणि आमचा रविवार गेला. पॉलिसी त्यांनी मला, आगीपासून विमान कोसळण्यापर्यंतच्या कारणांच्या यादीसकट, दोनदा वाचून दाखवली. “जवाई, आग लागनी तर भेटी, वादळ उनं तर भेटी, इमान पडनं तरी भेटी. पन पत्रा नुसता डोकावर शे म्हनीसन भेटी का, ते कोठेच लिखेल नही.”

शेवटी विमा कचेरीत गेलो. टेबलामागच्या गुजराती बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “काका, पतरां तूटे तो मळे. पतरां तो पहेलेथी छे, एमां नुकसान शुं?” जे आधीपासून घरात आहे ते नुकसान नव्हे, वादळाने मोडलं तर बघू, असं त्यांचं म्हणणं. मामांना उत्तर पटलं. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, की गारा वादळात धरतात की वेगळ्या?

त्यानंतर मामा आभाळाकडे पाहू लागले. मामी वैतागल्या. “हाऊ मानूस दिनभर वर काय देखस? याले इमान पाडनं शे का?”

आणि मे महिन्यातल्या एका दुपारी वादळ खरंच आलं. गल्लीतले निम्मे पत्रे उडाले. मामांचा एकही हलला नाही. हलणार कसा? प्रत्येक हुकाचा नट ते दर दिवाळीला स्वतः आवळत. अंगणात उभे राहून ते छपराकडे पाहत होते, आणि त्यांना अभिमान वाटत होता की वाईट, हे मला कळेना. शेजारचे परभणीचे गृहस्थ म्हणाले, “मामा, दोन धोंडे हाणा की! कोण बघाया येतंय?” मामांनी एक धोंडा उचललासुद्धा. त्यांनी तो हाणावा, असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी तो जपून खाली ठेवला.

“कारणना रकानामा काय लिखू? वादळ लिखं तर खोटं, आन धोंडा यादीमा नही शे.”

मग त्यांनी मामींना महिनाभर माहेरी पाठवलं, रजा टाकली आणि नाकाला ओलं फडकं बांधून, एकेक पत्रा पाण्याने भिजवून, न तोडता उतरवला. मला त्यांनी फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. मामी परतल्या तेव्हा वर टिनाचे पत्रे होते. त्यांचा खोकला हळूहळू गेला. पत्र्यांमुळे की माहेरच्या हवेमुळे, देव जाणे.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो, तेव्हा मामा वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस वाचून दाखवत होते. एका ओळीत तीनदा थांबले. खोकला काही सुटेना. मी म्हटलं, “मामा, घराचं एवढं विचारलंत. या खोकल्याचं कुणाला विचारलंत का?”

त्यांनी चष्मा पुसला. “तो आधीपासूनना शे, जवाई. नुकसानमा बसत नही.”

एवढ्यात छपरावरून मामींनी शिडी धरायला हाक मारली, आणि मामा नोटिशीतल्या ओळीवर खूण करून उठले.