मोडी वाचणारे काका

शहापूरच्या तहसील कचेरीसमोर एक काका मोडी लिपीतले जुने कागद वाचून देतात. अक्षरावर बोट ठेवत नाहीत; झाडूची काडी फिरवतात. वाईट मजकूर आला, की त्यांचा आवाज बसतो.

वंशावळीसाठी मी आमच्या घरातला कागद नेला होता. "तुमचा खापरपणजा गोऱ्या सायबाबरोबर सापगावला आला. सायबानं त्याला जमीन दिली."

"त्याआधी कुणाची होती?"

काडी थांबली. "आमच्याच घराण्याची. माझ्या खापरपणज्याला हाकलून दिलं, असं लिवलंय."

त्याच जमिनीवर आमचं घर आहे.

त्यांनी कागदाची नीट घडी घालून माझ्याच हातात दिली. "जपून ठेवा. दुसरा पुरावा नाय."

कागद कपाटात आहे. एखाद्या दिवशी मीच तो फाडेन, अशी भीती वाटते.