ज्येष्ठांच्या खुर्चीवरून रहाडीत

माझं वय सत्तर आहे. हे आधार कार्डाला मान्य आहे, मला नाही. आतला माणूस तिशीच्या पुढे सरकायला तयारच नाही. जिना उतरताना गुडघा कुरकुरतो तेव्हा मला खरंच वाटतं, हा दुसऱ्याच कुणाचा तरी पाय आहे.

आमच्या जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी उघडतात. रहाड म्हणजे रस्त्याखालचा दगडी हौद. वर्षभर फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून रिक्षा जातात. पंचमीला त्यात फुलांचा उकळलेला रंग ओततात, पूजा होते आणि मग माणसं धपाधप उड्या मारतात. त्या उडीला धप्पा म्हणायचं. काठावरची माणसं भिजली पाहिजेत, नाहीतर तो धप्पा नव्हे, नुसती अंघोळ. सातपूरच्या कारखान्यात लेथवर होतो तेव्हा पंचमीची रजा मी कधी चुकवली नाही, साहेब काहीही म्हणो.

गुडघ्यापायी आठ वर्षं हे बंद होतं. यंदा डॉक्टर म्हणाले, गुडघा आता ठीक आहे, घाबरणं सोडा. मी पंचमीचा विषय काढला नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. बायकोला मात्र सांगितलं. तिने आधी माझ्याकडे, मग गुडघ्याकडे बघितलं आणि चष्मा माझ्याकडे द्या, एवढंच म्हणाली.

आम्ही दोघं रहाडीवर पोचतो तर मंडळाच्या एका कार्यकर्त्याने माझा दंड धरला आणि काठाशी मांडलेल्या खुर्च्यांकडे नेलं. म्हणे, ज्येष्ठांसाठी खास सोय आहे काका, निवांत बसून बघा. शेजारी माझ्याच वयाचे चौघे, गळ्यात उपरणी, हातात सरबत. माझ्याही गळ्यात उपरणं आलं. माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं ज्या काठावरून उड्या मारल्या, तिथे आता मी सरबत पीत बसायचं? उपरणं खुर्चीवर टाकलं, चष्मा बायकोच्या हातात दिला आणि रांगेत घुसलो.

खोटं कशाला बोलू, काठावर गेलो आणि भ्यालो. पाय सरळ ठेवून, नाक धरून सुळकन आत गेलो. थेंबभर रंग उडाला नाही. वर आलो तर सगळे टाळ्या वाजवत होते. वा काका, या वयात, कमाल आहे बुवा. कार्यकर्ता मोबाईलवर शूटिंग करत होता. तान्हं पोर पहिलं पाऊल टाकतं तेव्हा अशाच टाळ्या वाजवतात. मला रडू फुटलं. तोंडभर रंग होता म्हणून कुणाला दिसलं नाही.

दोघांनी हात देऊन बाहेर काढलं, टॉवेल पुढे केला. मी तो बाजूला सारला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. बायको आली. वाटलं, आता ही घरी नेणार. ती जवळ येऊन हळूच म्हणाली,

"अहो, गुडघे पोटाशी घ्यायचे असतात. विसरलात का?"

माझी पाळी आली. चार पावलं धावलो, गुडघे पोटाशी घेतले आणि बूड आपटलं. पाण्याखालीच कळलं, हा धप्पा बसला. वर आलो तर खुर्च्यांची अख्खी रांग केशरी झालेली, सरबताचे पेलेसुद्धा. बायको पदर पिळत हसत होती. आणि तो कार्यकर्ता मोबाईल झटकत माझ्यावर खेकसत होता.

"ए म्हाताऱ्या, अक्कल आहे का? काठावर माणसं दिसत नाहीत?"

या खेपेला टाळी एकानेही वाजवली नाही. मागचे ओरडत होते, निघा लवकर, आमची पाळी आहे. हात द्यायलाही कुणी थांबलं नाही. मी माझा काठाला धरून वर आलो आणि तिसऱ्यांदा रांगेत लागलो.