धूर खाली, दाराबाहेर

डॉ. शरयूताईंची आणि माझी पहिली ओळख इथे कॅनडात, हॅमिल्टनच्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये झाली, तीही वासावरून. ताई नुकत्याच राहायला आल्या होत्या. नाव-गाव काही न विचारता म्हणाल्या, "घरात कोण ओढतं?"

"आमचे हे. तुम्हाला हवीय का एखादी?"

"मला नको. तुमच्याही शालीला नको."

हॉस्पिटलात जन्मभर लोकांची छाती ऐकलेली बाई. रिटायर झाल्या तरी लिफ्टमध्ये तपासणी चालूच.

ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त मराठी मंडळाने मला त्यांच्यावर लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, चौथी शिकलेल्या बाईला कशाला मध्ये घेता? गोड लिहिणारे पुष्कळ आहेत. तर म्हणाले, ताईंनीच तुमचं नाव दिलंय. म्हणजे त्यांना गोड नकोय. बरं झालं.

ताईंचं मोठं काम सगळ्यांना माहीत आहे. बिल्डिंगच्या कमिटीच्या अध्यक्ष होऊन त्यांनी सिगारेटबंदी आणली. घरातही नाही, बाल्कनीतही नाही. मीटिंगमध्ये हे उभे राहिले. पोलादाच्या कारखान्यात फिटर होते. म्हणाले, "भट्टीचा धूर जन्मभर गिळला, तेव्हा कुणी मीटिंग घेतली नाही. आता माझं घर, माझी बाल्कनी, तर मला मनाई?"

"दिनकरराव, छाती तुमची आहे, जाळा. पण धूर तुमच्या बाल्कनीत थांबत नाही. वरच्या घरात दम्याचं पोर आहे."

"आणि भट्टीचं काय?"

ताई म्हणाल्या, "त्याला माझ्याकडे उत्तर नाही." सगळ्यांसमोर म्हणाल्या. शिकलेल्या माणसांना हे वाक्य सहसा जमत नाही.

बंदी झाली. हे पार्किंगपलीकडच्या बाकावर जाऊ लागले. पहिलाच बर्फ पडला, खिडकीतून बघते तर ताई शेजारी उभ्या, धूर अंगावर येऊ नये म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, नाकावर मफलर. मी खाली जाऊन विचारलं, "बंदीही घालता आणि सोबतही करता?"

"इंदूबाई, नियम माझा आहे. हे बर्फावर पडले तर तेही माझंच."

तिथे उभं राहून रोज यांना सोडायला सांगायच्या. यांनी सोडली नाही. मग व्हायचं तेच झालं, छातीत गाठ निघाली.

गेल्या थंडीत हे अंथरुणाला खिळले. म्हणाले, "एकदा माझ्या बाल्कनीत बसून ओढतो. बाकी काही नको." मी ताईंचं दार ठोठावलं. आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता.

"एकच, ताई."

"नाही."

"माणूस मरतंय हो."

"वरचं पोर जगतंय, इंदूबाई."

थोबाडीत मारावी असं वाटलं. पण ताई व्हीलचेअर घेऊन आल्या. यांना दोन रजयांत गुंडाळून खाली नेलं. यांची बोटं चालत नव्हती, तर त्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने सिगारेट यांच्या ओठाला लावली. वाऱ्याने ती दोन झुरक्यांत विझली. हे म्हणाले, "राहू दे. चव गेली." तीच शेवटची. बाल्कनीची इच्छा राहिली ती राहिलीच.

पितृपक्षात मी बाल्कनीत पान मांडलं. गेलेल्याला आवडायचं ते आमच्यात पानाशी ठेवतात. वडे, खीर आणि कडेला पेटवलेली सिगारेट. थोड्या वेळात दारावर ताई.

"विझवा."

"मेलेल्यालाही तुमचा नियम?"

"माणूस गेलाय. धूर धूरच आहे."

मी ती बशीत चिरडली. ताईंनी पान दोन्ही हातांनी उचललं. मी मागून पुटपुटत खाली गेले. बाकावर पान ठेवून ताईंनी स्वतः दुसरी सिगारेट पेटवली. कावळा काही आला नाही, तळ्यावरचे सीगल पक्षी आले आणि वडे घेऊन गेले. सिगारेट मात्र शेवटपर्यंत आपली आपण जळली. ताई नेहमीच्याच जागी उभ्या होत्या, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. त्या दिवशी नाकावर मफलर नव्हता.

वरचं पोर आता धावतं. डोक्यावर धडधड ऐकू येते. यांना स्वतःच्या बाल्कनीत झुरका मिळाला नाही, हेही मला रोज ऐकू येतं. दोन्ही खरं आहे. माझ्याने त्याचा निवाडा होत नाही.

ताई, पंच्याहत्तरी झाली, आता गुडघे सांभाळा, छाती तर तुमची ठणठणीत आहेच. पुष्कळ जगा. दर पितृपक्षात पान खाली न्यायचंय. माझा राग गेलेला नसेल, पण त्या बाकापर्यंत मी एकटी जाणार नाही.