माझ्या जोडलेल्या हातांचा व्हिडिओ

आज दुपारी विमा कंपनीच्या साहेबानं मले माझाच व्हिडिओ दाखवला, अन् डोकंच सटकलं राजेहो.

मागच्या आठवड्यात सेलूले सासुरवाडीत गेलतो. कार घरासमोर उभी होती. गावातल्या एका पुढाऱ्याच्या पिकअपनं रिव्हर्स घेताना तिचं अख्खं दार चेपलं. मी भांडाले उतरलो, तर सासरे धावत आले. "जावईबापू, गावात वाद नको. हात जोडा अन् विषय संपवा."

सासुरवाडीत जावई काय बोलणार? हात जोडले, "चुकलंमाकलं माफ करा" म्हटलं. पुढारी तेवढंच मोबाईलवर शूट करून राह्यला होता!

आता त्याच्या विम्यावर दावा टाकला, तर साहेब म्हणतो, "चूक तुमचीच. माफी तर तुम्हीच मागून राह्यले." उभ्या गाडीनं काय चूक केली, विचारलं, तर चहा पीत हसला. व्हिडिओत चेपलेलं दार कुठंच नाई.

बाहेर येऊन सासऱ्याले फोन केला. ते खुशीत! "पुढारी म्हणत होते, जावई मोठा सज्जन आहे तुमचा."

थू त्या सज्जनपणावर! अन् सांगा, सासुरवाडीत हात जोडायच्या आधी दाराचा फोटो काढाले तुमच्यातला कोणता जावई धजला असता?