मास्तरांना पाय लागला

हसायचं तर हसा, पण कप आधी खाली ठेवा. बुद्धिबळात मूर्खपणा करायला माणसाने निदान खेळावं तरी लागतं ना? मी न खेळता केला!

तेव्हा मी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होतो आणि फावल्या वेळात एका छोट्या कंपनीत काम. ही कंपनी बुद्धिबळाचा प्रोग्रॅम खोक्यात घालून विकायची. कॉम्प्युटरांच्या स्पर्धेत मी त्याचा ऑपरेटर. म्हणजे डोकं मशीनचं, हात माझा. स्क्रीनवर येईल ती चाल पटावर करायची आणि घड्याळ दाबायचं. हमालीच हो, फक्त बसून!

आमचे मालक हेर फोगेल (गुप्तहेर नव्हे हो, जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे आपलं 'श्रीयुत') स्पर्धांना भारी घाबरायचे. "जिंकलो तर कोण विचारतं? हरलो की मासिकात छापून येतं." पण 'हे हरायला घाबरतात' असं लोक कुजबुजायला लागले, तेव्हा नाइलाजाने उतरले. ख्रिसमसच्या खोक्यांवर मात्र 'अपराजित' आधीच छापून ठेवलं होतं. खोटं नव्हतं ते! कुठे खेळलाच नव्हता, तर हरणार कसा?

शेवटच्या फेरीत आमच्यासमोर हेर लांग, निवृत्त शाळामास्तर. स्वयंपाकघरात बसून लिहिलेला स्वतःचा प्रोग्रॅम ते इंटरनेटवर फुकट वाटायचे. फुकटवाल्याकडून हरलो तर आमचं खोकं घेणार कोण?

"आल्झो, तर मग ऐक," फोगेलनी मला बजावलं, "डाव सोडायचा नाही. बरोबरी मागायची नाही. मोहऱ्यांशिवाय कशाला हात लावायचा नाही. हरलास तर सोमवारी येऊ नकोस."

डाव झकास चालला होता. आमच्याकडे अख्खा हत्ती जास्त! मी खुशीत पाय लांब केले आणि टेबलाखाली माझा बूट मास्तरांच्या पायाला लागला.

आता तुम्हीच सांगा, वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला की आपला हात विचारून थोडाच पुढे जातो? मी झटकन वाकलो आणि हात पुढे केला. म्हटलं, त्यांच्या दंडाला लावावा आणि छातीशी न्यावा. पण मास्तरांनी तो वाटेतच पकडला आणि जोरजोरात हलवला.

"डांके, आभारी आहे! फार उमदेपणा दाखवलात!"

चालू डावात हात पुढे केला म्हणजे हार मानली, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. फोगेल धावतच आले.

"तू डाव सोडलास?"

"नाही हो, पाय लागला!"

"कुणाला?"

"मास्तरांना!"

"मग हात का दिलास?"

"पायासाठी!"

पंचांना काही केल्या कळेना. शेवटी ते टेबलाखाली शिरले आणि मी सगळं पुन्हा करून दाखवलं: पाय, हात, छाती. मास्तर पोट धरून हसले. म्हणाले, "असला विजय मला नको. खेळू या पुढे."

फोगेलनी मला चक्क मिठी मारली!

पण ती मिठी चारदोन चालींपुरतीच. आमच्या प्रोग्रॅमने हावरटासारखं एक प्यादं खाल्लं आणि स्वतःचा राजा उघड्यावर टाकला. स्क्रीनवरचे आकडे धडाधड घसरायला लागले. इतक्यात मागून फोगेल माझ्या कानात कुजबुजले, "पाय!"

"काय?"

"पाय लाव ना परत!"

"अहो, मुद्दाम कसा लावू? पाप लागेल!"

आमच्यावर मात झाली. गेली नोकरी म्हणत मी कोट चढवत होतो, तर पलीकडे फोगेल पत्रकाराला सांगतायत, "प्रोग्रॅम जिंकतच होता. आमच्या ऑपरेटरने मध्येच हात दिला आणि त्याची लय बिघडली." मशीनची लय! मासिकाने तेच छापलं, शेजारी माझा वाकलेला फोटो. खोक्यावरचं 'अपराजित' शाबूत, माझी अब्रू गेली.

सोमवारी मी गेलोच नाही. दुपारी फोगेलचाच फोन.

"आहेस कुठे? पुढच्या स्पर्धेलाही तूच बसायचंस."

"मी? अजूनही मीच?"

"गेनाऊ, अगदी बरोबर! तू बसलास की आपला प्रोग्रॅम कधी हरत नाही. तू हरतोस."