सूर्य बुडेपर्यंत जेवण

बहारीनचा हिवाळा आमच्या इमारतीतल्या कापडवाल्या चाचांच्या हुकमाने येत असे, याविषयी नव्वदच्या दशकात तरी आम्हा बिऱ्हाडकरूंपैकी कुणाला शंका नव्हती. मी अकोल्याचा, त्यामुळे उन्हाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये असा माझा ताठा होता. तो तिथल्या पहिल्याच उन्हाळ्यात वितळला. मग एके सकाळी बाब अल बहारीनच्या बाजारातल्या दुकानाकडे निघालेले चाचा मरून रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर घालून जिन्यात दिसले, आणि खरंच, बाहेर पाऊल टाकलं तर वारा गार होता. या माणसाचं वर कुणाशी तरी बोलणं आहे, असं माझं तेव्हा ठाम मत झालं.

स्वेटर निघाला की दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाल्यावर, तीन-चार गाड्या भरून आमची वरात पश्चिमेकडे झल्लाकच्या किनाऱ्याला जाई. तीन दगडांची चूल, हमूर माशाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. कालवणात गावाहून चाचीने पाठवलेली आमसुलंच पडत, दुसरी आंबटाई चाचांना चालत नसे. पंगत एका ओळीत, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. दुसऱ्या टोकाच्या माणसाला काही सांगायचं तर निरोप ताटागणिक सरकत जाई आणि पोचेपर्यंत पार बदललेला असे. जेवण सूर्य बुडेपर्यंत चाले. मध्येच कुणी घड्याळ बघितलं, तर त्याने उठून सगळ्यांना वाढायचं, हा चाचांचा कायदा. माझी संध्याकाळची शिफ्ट असल्याने वाढपी म्हणून माझा हात चांगलाच बसला. एकदा कुणीतरी पूर्वेचा किनारा जवळ पडतो म्हणून आम्हाला तिकडे नेलं. सूर्य पाठीमागच्या इमारतींआड जायला लागला तसे चाचा भरल्या ताटावरून उठले. "दर्यात बुडत नाय तो सूर्य कसला? आन् त्याला पाठ दाखवून जेवाया मी काय चोर हाय?" रत्नागिरीकडच्या त्यांच्या घराच्या ओट्यावरून सूर्य रोज समुद्रात जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

त्या ओट्यावर चाची होती. चाचांना तिला एकदा इथला हिवाळा दाखवायचा होता. पण कधी सासूचं आजारपण, कधी मुलींची लग्नं, असं करत वर्षं गेली. अखेर एका जानेवारीत व्हिजिट व्हिसावर चाची आली. झल्लाकला जाताना गाडीत चाचा माझ्या कानाशी म्हणाले, "तिला नाय आवडलं, तं माझी इतकी वर्सं फुकट गेली बघ." हिवाळ्याला हुकूम सोडणारा माणूस वाटेत तीनदा खिडकीबाहेर हात काढून वारा गार आहे ना, हे बघत होता.

पंगत बसली. चाचीने आपलं ताट उचललं, वळसा घालून पुढे गेली आणि समुद्राकडे पाठ करून थेट चाचांच्या समोर बसली. आमचे घास हातातच राहिले. चाचा हळूच म्हणाले, "अगो, दर्या तिकडं हाय."

"दर्या तं मी रोज बघतंय," चाची भाकरी मोडत म्हणाली. "हितं तुमाना बघाया आलंय."

चाचांनी त्या दिवशी सूर्य बुडताना पाहिला नाही. कालवणाला मीठ कमी होतं, तेही त्यांना कळलं नाही. मला मात्र त्या बाईचा विलक्षण आदर वाटला. समुद्राकडे तोंड करून बसायचा जो कायदा मोडायची आमच्यापैकी कुणाचीही छाती झाली नव्हती, तो तिने बसल्या बसल्या मोडला होता.

व्हिसा संपला, चाची गेली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तीच ओळ, तोच गार वारा. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा चाचांनी सगळ्यांदेखत मनगटावरचं घड्याळ बघितलं. 

"तिकडं आता ती जेवाया बसली असंल," ते म्हणाले, आणि कालवणाचं पातेलं घेऊन ओळीच्या टोकापासून वाढायला लागले. माझं पोट भरलं होतं, तरी मी ताट पुढे केलं.